डॉक्टरांच्या हातचं काज

८ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इस्पितळातल्या नोकरीला आज तीन आठवडे झाले आणि अजून मला कुणी हाकललेलं नाही, ही मुख्य खुशाली. कोर्टात तीस वर्षं टंकलेखन केलं, 'उपरोक्त' आणि 'सबब' झोपेतसुद्धा टाइप केले असते. इथे कानाला यंत्र लावून बसायचं, डॉक्टर त्यात बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि रोग्याच्या फायलीसाठी टाइप करायचं. बोलतात कसे, तर तोंडात टाचण्या धरल्यासारखे. तुला ते नवीन नाही म्हणा, तू जन्मभर तशीच बोलत आलीस.

पण शब्द गं ताई. एकेक शब्द असा की मध्ये पाणी प्यायला थांबावं. पहिल्या आठवड्यात मी स्वच्छतागृहात जाऊन दोनदा रडले. मग आमच्या नोंदणी विभागाच्या बाईंनी (एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा केसांत, आणि शोधतात तिसराच) मला बसवून सांगितलं की शब्द समोरून ओळखायला जाऊ नका, शेपटीकडून ओळखा. पुढचा भाग सांगतो शरीरात कुठे, शेपटी सांगते काय झालं किंवा काय केलं. शेवटी 'आयटिस' आलं की तिथे दाह, सूज. 'आल्जिया' म्हणजे दुखणं. 'स्कोपी' म्हणजे नळी घालून आत डोकावणं. 'टमी' म्हणजे छेद दिला, 'एक्टमी' म्हणजे कापून बाहेरच काढलं, 'ऑस्टमी' म्हणजे नवं तोंड ठेवलं, 'प्लास्टी' म्हणजे आकार नीट केला, 'राफी' म्हणजे टाके घातले.

कळलं सगळं, राहत मात्र नाही. छेद, काढणं, तोंड ठेवणं यांची रोज खिचडी होते. तू लहानपणी मला पाढे शिवणाच्या टाक्यांवर शिकवलेस, तसं काही सुचव. आणि पत्र जरा लांब लिही. गेल्या खेपेला दोनच ओळी होत्या, त्याही उतरणीला लागलेल्या.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी ठेव, वाढवलीस तर मी नाही म्हणणार नाही.
तुझी,
टकटक

१७ जून

चि. टकटक हिस,
अ. आ.

पत्र तुझ्या भाऊजींच्या हातचं आहे, बोलणं माझं. दुकानात कामाची गर्दी आहे, मला लिहायला सवड नाही. (गर्दी कसली. आज दिवसभरात एक बाई येऊन पडद्याचा भाव विचारून गेली. — लेखनिक) तुझे भाऊजी किल्ल्या बनवायचं दुकान दुपारी बंद ठेवून इथे येऊन बसतात, तेव्हा त्यांना कामाला लावलंय.

तुझी यादी वाचली आणि मला हसूच आलं. अगं वेडे, हे तर शिंपीकाम आहे सगळं. 'टमी' म्हणजे कापडाला कात्री लावली. 'एक्टमी' म्हणजे बाही उतरवून बाजूला ठेवली. 'ऑस्टमी' म्हणजे काज, भोक पाडायचं आणि कडा बांधायच्या म्हणजे ते उसवत नाही. 'राफी' म्हणजे साधी शिलाई. 'प्लास्टी' म्हणजे ऑल्टर, ज्याच्यावर माझं निम्मं दुकान चालतं. आणि 'स्कोपी' म्हणजे अस्तर उचलून आत आधीच्या शिंप्याने काय गोंधळ घातलाय ते बघणं. आता चुकलीस तर टपली मारीन.

यादी मी मशीनच्या वर भिंतीला लावायला सांगितली. तेव्हापासून या माणसाला ऊत आलाय. सकाळी उठतात ते चहापेनिया झालाय म्हणून. (पेनिया म्हणजे कमतरता, हे मी वाचनालयात जाऊन शोधून आणलं. कष्टाचं चीज नाही या घरात. — लेखनिक) समोरची शिक्षिका माप द्यायला आली, दर वर्षी कंबर दोन बोटं वाढते आणि दर वर्षी दोष माझ्या टेपचा. तिला हे तोंडावर म्हणाले की 'मेगाली' म्हणजे वाढ, तेव्हा बाईंना कंबरमेगाली आहे. गिऱ्हाईक हातचं जायचं.

जेवणखाण वेळेवर कर. कानाला यंत्र लावून मान वाकडी करू नकोस. (दुसऱ्याच्या मानेची काळजी करणारी ही स्वतःची किती घेते, ते पुढे कधीतरी. — लेखनिक)

धागा ताणू नये, तुटू नये, एवढंच मागणं.
तुझी,
ताई

२५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं शिंपीकाम लागू पडलं. काल दिवसभरात एकही शेपटी चुकले नाही. चष्मेवाल्या बाईंना काज-बाहीचा हिशेब सांगितला तर त्या इतक्या हसल्या की केसांतला चष्मा टेबलावर पडला. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि नव्या मुलींना वाटला. तुझं नाव नाही लिहिलं, 'एका अनुभवी शिंपीणबाईंकडून' असं लिहिलंय.

आणखी तीन शेपट्या पाठवते. 'पेक्सी' म्हणजे खाली सरकलेलं उचलून जागेवर टाचणं. 'ऑसिस' म्हणजे नुसती अवस्था, बरी की वाईट ते पुढच्या भागावरून कळतं. 'ओमा' म्हणजे गाठ. ही ऐकली की लोकांचा जीव घाबरा होतो, पण प्रत्येक गाठ वाईट नसते. लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ, कित्येकांना असते आणि ते मजेत असतात.

आता खरं विचारते. तू आणि दुसऱ्याच्या हातून पत्र? माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आठ पोलकी शिवायची होती तेव्हासुद्धा तू मावशीला चार पानी पत्र लिहिलं होतंस. भाऊजींचं अक्षर सुंदर आहे, तक्रार नाही. तरी मला तुझं वेडंवाकडं हवंय. उत्तर तू स्वतः लिही, चार ओळी चालतील.

मनातून उतरवू नये ही विनवणी.
तुझी,
टकटक

२ जुलै

मेव्हणीबाईंस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी माझ्या दुकानात बसून लिहितोय. तुमच्या ताईला याचा पत्ता नाही, आणि लागला तर माझं काही खरं नाही.

तिला लिहिता येत नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं सहा-सात महिन्यांपासून बधिर आहेत. आधी मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. आता टाचणी उचलताना बोटात घुसते तरी तिला कळत नाही, पांढऱ्या कापडावर लाल ठिपका दिसला की कळतं. गेल्या महिन्यात मोठी कात्री हातातून निसटून पायाशी पडली. तीन मोठी कामं तिने परत केली आणि लोकांना सांगितलं की मला तुमच्या कापडाचा रंग आवडला नाही.

तिला ओढून डॉक्टरांकडे नेलं. हाताचे डॉक्टर आहेत, तरुण, शांत माणूस. म्हणाले की मनगटातून बोटांकडे जाणारी नस एका पट्ट्याखाली आवळली गेलीय, छोटं ऑपरेशन करावं लागेल. हेही म्हणाले की जास्त थांबलात तर अंगठ्याच्या बुडाचं मांस सुकत जाईल आणि मग ऑपरेशन करूनही पूर्वीचा हात मिळणार नाही. ते थोडं सुकायला लागलंय, मलाही दिसतं. ही ऐकून घेते आणि बटणांच्या डब्यात डॉक्टरांची चिठ्ठी ठेवून वर झाकण लावते.

त्यात तुमची यादी भिंतीवर. तुम्ही प्रेमाने पाठवलीत, पण हिला आता जिथे तिथे एक्टमी दिसते. तिला वाटतं आत काहीतरी कापून काढतील आणि पंजा लाकडाचा होऊन बसेल. चिठ्ठीवरचा शब्द मी चोरून उतरवून घेतला. 'न्यूरोलिसिस' असा आहे. ही शेपटी तुमच्या यादीत नाही. चांगली असेल तर तिला कळवा, वाईट असेल तर मला.

मी किल्ली बनवणारा माणूस. कुठलंही कुलूप उघडतो, ही बाई काही उघडत नाही.

ओलावा राहो.
आपला,
भाऊजी

६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींनी मला सगळं लिहिलं. त्यांच्यावर चिडायचं असेल तर आधी हे पत्र पुरतं वाच, मग चीड.

मला तुझा राग आलाय. बेचाळीस वर्षं ज्या हाताने तू घर चालवलंस, मला शिकवलंस, त्या हाताचं दुखणं तू बटणांच्या डब्यात घालून ठेवतेस? आणि मी इथे शेपट्यांचे विनोद करत बसले. दोन दिवस मला कामात काही सुचलं नाही.

आता नीट ऐक. 'न्यूरो' म्हणजे नसेसंबंधी. 'लिसिस' म्हणजे अडकलेलं सोडवणं. मी चष्मेवाल्या बाईंना विचारलं, त्यांनी आमच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, म्हणजे दोनदा मोजून मग सांगतेय. यात नस कापत नाहीत आणि काढतही नाहीत. तिच्यावरचा पट्टा मोकळा करतात. तुझ्या भाषेत, मुंढा काखेत आवळतोय म्हणून तू बाही उतरवून ठेवत नाहीस ना, शिवण उसवतेस आणि सैल करतेस. लिसिस म्हणजे उसवणं. तुझ्यासारखी बाई उसवण्याला भ्यायली तर कसं व्हायचं?

तारीख घे आणि कळव. मी रजा काढून येते.

माझ्यावरची माया अशीच राहू दे, त्यातली थोडी आता त्या हाताकडे वळव.
तुझी,
टकटक

१४ जुलै

चि. टकटक हिस,
अ. आ.

घरातच फितूर असल्यावर शत्रू कशाला हवेत. चार दिवस मी यांच्याशी बोलले नाही. (मूगही गिळून पाहिले, गप्प राहणं दोघांनाही जमलं नाही. — फितूर)

तुझं उसवण्याचं पटलं. पटलं म्हणूनच माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. हे डॉक्टर लोक जर कापतात, टाचतात, काजं करतात आणि उसवतात, तर ते आपल्याच धंद्यातले झाले. मग धंद्याचा नियम त्यांना का नको? तुला माहीत आहे, माझ्या टेबलावर कुणालाही कापडाला हात लावायचा असेल तर आधी चिंधीवर एक काज करून दाखवावं लागतं. मी ते उलटं करून बघते. वरची बाजू सगळेच छान करतात, माणूस कळतो मागच्या बाजूला. या नियमातून मी सख्ख्या नणंदेलाही सोडलं नाही.

तेव्हा सोमवारी पिशवीत चिंधी, सुई आणि काळा दोरा घेऊन गेले. डॉक्टरांना सांगितलं की माझ्या हाताला हात लावण्याआधी मला तुमचं एक काज बघायचंय. (मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचू लागलो. सगळी हाडं पाठ झाली. — फितूर) डॉक्टर आधी हसले, मग बघितलं की मी हसत नाही. म्हणाले की आमची सुई वाकडी असते आणि ती चिमट्यात धरतात, सरळ सुईची सवय नाही. मी म्हटलं की सवय नसली तरी नीटपणा दिसतोच. बाहेर सात माणसं रांगेत होती, तरी केलं बिचाऱ्याने.

उलटं करून बघितलं. काय सांगू तुला. गाठीवर गाठ, दोन टाके दूर तर दोन एकमेकांच्या अंगावर. मी सांगितलं की नापास. सराव करा, चिंधी ठेवून घ्या. चिठ्ठी परत पिशवीत टाकली आणि आले घरी. तारीख घेतली नाही.

आता तूच सांग, असं काज करणाऱ्याच्या हातात मी मनगट कसं देऊ.

आमच्यावर रुसू नये, बाकी काय.
तुझी,
ताई

१८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र विभागात वाचताना मी इतकी हसले की शेजारणीने पाणी आणून दिलं. मग बाहेर ओट्यावर जाऊन पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

ताई, लहान तोंडी मोठा घास घेते. तू डॉक्टरांना नापास केलं नाहीस, तू तारीख लांबवलीस. उद्या त्याने सोन्याचं काज करून आणलं तरी तू त्याच्या दोऱ्याच्या रंगात खोट काढशील, त्या तीन गिऱ्हाइकांच्या कापडात काढलीस तशी. तुझ्या हातात काजं करण्याचं ऑपरेशन कुणी करत नाहीये. तुला भीती वाटते हे तू एकदा म्हण, मी तुझ्याजवळ येऊन बसेन. पण भीतीला परीक्षा म्हणू नकोस. तिकडे अंगठ्याचं मांस तुझ्या परीक्षेसाठी थांबणार नाही.

रागाव हवं तर. मी ३० तारखेपासून रजा टाकलीय. तुझे डॉक्टर पास होवोत की नापास, मी येतेय.

दूर लोटू नकोस.
तुझी,
टकटक

२४ जुलै

चि. टकटक हिस,
अ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. खरं बोलल्याचा राग येतो तो असा. दुसऱ्या दिवशी मशीनपाशी बसून यांना सांगितलं की मला भीती वाटते. एवढं वाक्य बोलायला मला सात महिने लागले. (मी विनोद बाजूला ठेवून खुर्ची जवळ ओढली. ही पहिलीच वेळ. — लेखनिक)

भीती कशाची, तेही लिहून टाकते. दुखण्याची नाही. मला मूल नाही, लेखन-वाचन बेताचं, गाता-नाचता येत नाही. मला ओळखतात ते हाताने. हात गेला तर या दुकानात बसलेली ती बाई कोण, हे मला ठाऊक नाही. बधिर का होईना, हात आहे. ऑपरेशन बिघडलं तर तेवढाही नाही. म्हणून झाकण लावत होते.

आता पुढचं ऐक. काल दुपारी डॉक्टर दुकानात आले. स्वतः. खिशातून चार चिंध्या काढल्या, घरी बसून केलेली काजं. चौथं बरं होतं, उलट्या बाजूनेही बरं. पण तू लिहिलंस ते डोक्यात होतंच, की माझ्या हातात काज करायचं नाहीये, उसवायचंय. मी चुकीच्या विषयात परीक्षा घेतली होती. तेव्हा शिक्षिकेचा कंबरेत घट्ट झालेला जुना झगा काढला. पातळ कापड, धुऊन धुऊन विरलेलं, शिवण बारीक आणि दोरा कापडाच्याच रंगाचा. म्हटलं, हे उसवा. मी स्वतः नव्या मुलींना असल्या कापडावर बसवत नाही.

डॉक्टरांनी आधी काहीच केलं नाही. झगा उजेडाकडे नेला, शिवण बोटाने दोनदा चाचपली, दोरा कुठे जातो ते बघितलं. मग एकेक टाका उचलून तोडला. घाई नाही, ओढाताण नाही. एका जागी दोरा कापडात रुतला होता, तिथे थांबले, बाजू बदलली आणि पलीकडून सोडवला. वीतभर शिवणीला पाऊण तास लागला. मी झगा खिडकीशी धरून बघितला, कापडाचा एकही धागा तुटलेला नव्हता. मी यांच्याकडे बघितलं. (मी डोळे पुसत होतो, किल्ल्यांची धूळ फार असते. — लेखनिक)

तारीख ३१ घेतली. रजा वाया जाणार नाही तुझी.

येताना काही आणू नकोस, फक्त ये.
तुझी,
ताई

२९ सप्टेंबर

चि. टकटक हिस,
अ. आ.

हे अक्षर माझं आहे. ओळी नेहमीसारख्या उतरणीला लागल्यात, तेव्हा ओळखशील. सलग लिहवत नाही, चार ओळी झाल्या की थांबते, हात चोळते, परत लिहिते. सकाळी सुरू केलं, आता दिवेलागण होत आली. तुझे भाऊजी मधूनमधून डोकावून काही सांगायचं आहे का विचारतात. मी कागद झाकून घेते.

तू ऑगस्टमध्ये गेलीस तेव्हा टाके निघाले होते, पण बोटं तशीच होती. मी तुला स्टँडवर सांगितलं की बरं वाटतंय. खोटं होतं ते. पुढचे पाच आठवडेही काही नाही. डॉक्टर म्हणायचे की नस सावकाश जागी होते, धीर धरा. मी रोज सकाळी अंगठा तर्जनीला लावून बघायची आणि यांना काही बोलायची नाही. बोलले असते तर यांनी तुला कळवलं असतं.

परवा तपासणी होती. डॉक्टरांनी विचारलं की रोजचं एखादं काम करून दाखवाल का. मी इकडेतिकडे बघितलं, तर त्यांच्याच पांढऱ्या कोटाचा खिसा एका कोपऱ्यात सुटून लोंबत होता. म्हटलं, काढा तो. कोट मांडीवर घेतला. दोरा ओवायला तीन खेपा लागल्या आणि टाके फार देखणे नव्हते, मीच कुणाला नापास केलं असतं असे. खिशाची घडी जाड, बोटाला अंगुस्तानाची टोपी नव्हती. सुई नेटाने ढकलली तर पुढे जाईना आणि तिचं नेढं मागे माझ्या मधल्या बोटात रुतलं.

दुखलं, टकटक. चांगलं सणसणून दुखलं.

मी तशीच बसून रडायला लागले. डॉक्टर घाबरले, काय झालं विचारत कापूस घेऊन धावले. मी हात मागे घेतला आणि सांगितलं की पुसू नका, थोडा वेळ दुखू द्या.

तुझी,
ताई